शिवणीतली माया

आपल्या मराठीत काही शब्द असे आहेत की, ते देवघरात, स्वयंपाकघरात आणि बाजारात सारख्याच सहजतेने वावरतात. ‘माया’ हा त्यांपैकी एक. वेदान्ती मायेला भ्रम म्हणतो, आईच्या ती पोटात असते, सावकाराच्या घरी ती तिजोरीत साठते; आणि शिंप्याकडे पोलक्याचे माप देताना आपल्याकडची बाई अगदी सहज सांगते, ‘‘आत थोडी माया ठेवा हं!’’ टिपेच्या आतल्या अंगास दुमडून ठेवलेले जास्तीचे कापड म्हणजे माया. बाहेरून ती दिसत नाही. पण मुलगी वर्षभरात अंगाने भरली, अथवा बाळंतपणानंतर पोलके घट्ट होऊ लागले, की जुनी टीप उसवून नवी टीप कडेच्या बाजूस सरकवून मारावयाची. तेच वस्त्र आणखी दोन-तीन वर्षे सुखाने अंगावर राहते.

आता तयार कपड्यांच्या दुकानातून आणलेला एखादा सदरा उलटा करून पाहावा. शिवण कडेला अगदी लागून असते. कारखान्यातील मशीनचे पातेच जास्तीचे कापड कापीत जाते आणि मागोमाग दोरे ती कड गुंडाळून टाकतात. काम सफाईदार असते, यात शंका नाही; परंतु आत माया नावालाही नसते. यात कारखानदाराचा दुष्टावा नाही. एका सदऱ्यामागे अर्धा इंच कापड वाचले तर हजार सदऱ्यांमागे ठाणेच्या ठाणे वाचते, हा त्याचा हिशेब आहे. शिवाय सदरा कोणाच्या अंगावर जाणार हे त्यास ठाऊक नसते. त्याला आजचे माप कळते. घरच्या माणसाला उद्याचेही कळते.

घरी कपडे शिवावयास शिकावे असा विचार हल्ली पुष्कळ तरुण घरांत पुन्हा डोकावू लागला आहे. त्याचे स्वागत करावयाचे ते या मायेसाठी. पैसे वाचतात की नाहीत, वेळ पुरतो की नाही, हे प्रश्न खरे आहेत व त्यांचा विचार पुढे करूच. पण आपल्या माणसाचे माप आपल्या हाताने घ्यावे, ते पुढे बदलणार आहे हे ध्यानी धरून कापड बेतावे, ही विद्या आपल्या जुन्या घरांतून एका पिढीत नाहीशी होत आहे. आणि ज्यांच्या हातात ती आहे ती माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.

जुन्या घरातील शिवण

आपली बरीच मराठी कुटुंबे अठराव्या शतकापासून गायकवाडांच्या मागोमाग बडोद्यास येऊन स्थिरावली. पुरुषांची बाराबंदी किंवा दरबारी अंगरखा शिंपी शिवीत. परंतु घरातील लहानसहान शिवण बायकांच्या हाती असे. मूल जन्मास येण्यापूर्वीच बाळंतविड्याची तयारी सुरू होई. झबली, टोपडी, कुंची, दुपटी यांचा ढीग सुईदोऱ्यानेच तयार होई. नव्या कापडाची खळ बाळाच्या अंगास टोचते म्हणून झबल्यासाठी आजोबांचे धुऊन धुऊन मऊ झालेले धोतर घ्यावयाचे, आणि बटण रुतेल म्हणून त्याऐवजी बंद लावावयाचे, हे कोणी पुस्तकातून शिकविले नव्हते.

मोठ्यांच्या वस्त्रांचीही अशीच व्यवस्था होती. लुगडे मध्यभागी विरले की विरलेला पट्टा कापून काढीत आणि दोन्ही चांगले भाग एकमेकांस जोडीत. याला ‘दंड घालणे’ म्हणत. दंड घातलेले लुगडेही टिकेनासे झाले की त्याची गोधडी होई, आणि गोधडी फाटली की तिचे पोतेरे. एका वस्त्रास असे तीन-चार जन्म मिळत.

अर्थात यात हौस थोडी आणि गरज फार होती, हे विसरून चालणार नाही. दिवसभराचे रांधणे-उष्टी-खरकटी आटोपून रात्री कंदिलाच्या उजेडात डोळे ताणून टाके घालणाऱ्या बाईला कोणी कलावती म्हणत नसे. तिने शिवले तर ते तिचे कामच होते, आणि न शिवले तर ती आळशी ठरे. त्या काळाची आठवण काढताना केवळ गोडवा सांगणे तिच्यावर अन्याय करणारे होईल. आज शिवण शिकावयाचे ते ती सक्ती परत आणण्यासाठी नव्हे. सक्ती गेली म्हणून तिच्याबरोबर विद्याही जावी असे मात्र नाही.

संचा घरात येतो

हातशिलाईच्या या जगात मशीन आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. आपल्या गुजराती शेजारणी त्याला ‘संचो’ म्हणतात, तोच शब्द आपल्या घरांतून ‘संचा’ होऊन नांदला. हातातील सुईचे नेढे तिच्या मागच्या टोकास असते. मशीनच्या सुईचे नेढे तिच्या अणीपाशी असते. सारी युक्ती एवढ्या एका बदलात आहे. सुई वरचा दोरा घेऊन कापडाखाली जाते, तेथे त्या दोऱ्याचा फास होतो, खालच्या बॉबिनचा दोरा त्या फासातून जातो, आणि दोन्ही दोरे कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकतात. अमेरिकेत इलायस हाऊ यांनी या तत्त्वावरील यंत्राचे पेटंट १८४६ मध्ये घेतले. आयझॅक सिंगर यांचे पेटंट १८५१ चे. पुढे दोघांत कज्जा झाला, १८५४ मध्ये निकाल हाऊ यांच्या बाजूने लागला आणि सिंगर यांना त्यांस पैसे मोजावे लागले. तरीही घराघरांत नाव पोहोचले ते सिंगरचेच. आपल्याकडे १९३० नंतरच्या दशकात कोलकात्यास ‘उषा’ मशीन तयार होऊ लागले, आणि मध्यमवर्गीय घरात ‘उषा’ लग्नाच्या आहेरातही दिसू लागली.

यंत्रांविषयी महात्मा गांधींची मते सर्वांस ठाऊक आहेत. पण १९२४ मध्ये, आपण सर्वच यंत्रांच्या विरुद्ध आहात काय, असे एकाने त्यांस विचारले असता त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद केला. पत्नीला टाके घालीत शिणताना पाहून सिंगर यांनी प्रेमापोटी हे यंत्र शोधून काढले, असा त्यांचा समज होता. सिंगरसाहेबांचे चरित्र आणि त्यांच्या एकाहून अधिक संसारांची हकीकत वाचली तर पत्नीप्रेमाच्या त्या कथेवर विश्वास बसणे कठीण आहे. तथापि गांधीजींना त्या यंत्रात जे दिसले ते खोटे नव्हते. बाईचे श्रम हलके करणारे आणि तिच्या हातातील कसब तिच्याकडेच राहू देणारे यंत्र हेच होते.

या यंत्राने आणखी एक मोठे काम केले. घरातील कर्ता पुरुष अकाली गेला, दिराच्या दारी आश्रितासारखे राहावयाचे नसले, तर पुष्कळ बायकांस या संच्यानेच आधार दिला. शेजारणींची पोलकी, मुलांच्या चड्ड्या, शाळेचे गणवेश शिवून त्यांनी मुले शिकविली. जुन्या वाड्यांतून रात्री ऐकू येणारा संच्याचा आवाज अनेकदा हौसेचा नसे; दुसऱ्या दिवशीच्या दळणाचा असे.

बडोद्याचा वारसा

आपल्या शहराने ही गोष्ट वेळीच ओळखली होती. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढून हातांच्या विद्येस शाळेत स्थान दिले. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला व १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानात लागू झाला. त्यात मुलीही होत्या. महाराणी चिमणाबाईंच्या पुढाकाराने १९१४ मध्ये स्त्री उद्योगालय स्थापन झाले. बाईला शिकवावयाचे तर अक्षरांबरोबर चार पैसे मिळवून देणारा उद्योगही शिकवावा, हा त्यामागील विचार होता. याच महाराणी १९२७ च्या जानेवारीत पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्ष होत्या. पुढे १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ निघाले, हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या, आणि गृहविज्ञानास विद्यापीठात स्थान मिळून वस्त्र आणि शिवण यांचा अभ्यास पदवीपर्यंत गेला.

याच संस्थानात १८८६ मध्ये मौलाबक्षांची गायनशाळा निघाली होती. तोवर गाणे म्हणजे घराण्याच्या चार भिंतींतील ठेवा. गायनशाळेने ते सामान्य घरातील मुलांस खुले केले, स्वरलिपीत उतरविले. शिवणाचेही तसेच झाले. शिंप्याच्या घरात बापाकडून मुलाकडे जाणारी बेतण्याची विद्या कागदावरच्या आकृत्यांत आली आणि शाळेच्या वर्गात पोहोचली. परंतु दोन्हीकडे एक गोष्ट अनुभवास येते. कागदावर स्वर किंवा माप वाचता येते. पण कोठे हात सैल सोडावयाचा आणि कोठे आवळावयाचा, हे समोर बसलेल्या जाणत्या माणसाकडूनच कळते. आज मोबाईलच्या पडद्यावर शिवणाचे हजारो धडे दिसतात व त्यांचा उपयोगही होतो. तरी पडदा आपल्या हाताकडे पाहत नाही. आत्या, मावशी, सासूबाई पाहू शकतात.

घरातून शिवण का गेले

गेल्या चाळीस वर्षांत तयार कपडे स्वस्त झाले, बायका नोकरीसाठी बाहेर पडल्या, शाळांतून शिवणाचा तास गेला. मंगळबाजारात तासाभरात जे मिळते त्यासाठी चार दुपारी कोण घालवील? संच्यावर प्रथम विणलेले आच्छादन पडले, मग त्यावर फुलदाणी आली, आणि शेवटी भंगारवाल्याने बिडाच्या वजनाने तो नेला.

परंतु तयार कपड्यांची एक अडचण सर्वांच्या अनुभवाची आहे. खांद्यात बसला तर पोटावर ओढतो, कमरेत बसला तर लांबीस चार इंच अधिक. बाजारातील मापांचे तक्ते पुष्कळदा परदेशी शरीरांवरून आलेले आहेत. म्हणूनच राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने भारतीय माणसांची मापे घेऊन आपला तक्ता तयार करण्याचे सर्वेक्षण २०१८ च्या सुमारास हाती घेतले. तक्ता कितीही चांगला झाला तरी तो सरासरीचाच असणार, आणि सरासरी अंगाचा माणूस शोधून सापडत नाही. एक खांदा किंचित उतरता, पाठीस थोडा बाक, शस्त्रक्रियेनंतर एका बाजूस आलेला फरक, ही मापे तक्त्यात बसत नाहीत. वृद्धांच्या बाबतीत तर हे फार जाणवते. हात वर उचलता येत नाही अशा आजींना पुढून पूर्ण उघडणारे, मोठ्या मुंढ्याचे पोलके लागते. ते दुकानात टांगलेले नसते.

२०२० च्या एप्रिल महिन्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने घरी केलेल्या मुखपट्ट्या वापरण्याचा सल्ला दिला, तेव्हा कित्येक घरांतील आच्छादने निघाली. दुकाने बंद, शिंपी घरी, आणि सुती कापडाचा एक चौकोन शिवावयाचा कसा हे घरात कोणासही ठाऊक नाही, अशी पाळी अनेकांवर आली. ज्या घरात एक जरी शिवणारे माणूस होते त्याने सारी आळी सांभाळली.

आरंभ कोठून करावा

नवशिके बहुधा पहिल्याच दिवशी पोलके बेतावयास बसतात आणि आठवड्यात कंटाळतात. गाणे शिकणाऱ्यास पहिल्या महिन्यात कोणी ख्याल देत नाही. अलंकार घोटून घेतात. येथेही तोच क्रम हवा.

प्रथम कापड ओळखावे. सुती कापड बेतण्यापूर्वी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे; नाहीतर शिवून झाल्यावर पहिल्या धुण्यात ते आटते आणि सारी मापे फुकट जातात. कापडाचा उभा धागा, म्हणजे काठाशी समांतर जाणारा, जवळजवळ ताणत नाही. आडवा किंचित ताणतो. तिरपे धरले तर मात्र कापड चांगलेच ताणते. म्हणून सदऱ्याची लांबी उभ्या धाग्यावर धरतात आणि गळ्याच्या गोलास लावावयाची पट्टी तिरपी कापतात; ती वळणावर चुण्या न पडता बसते. एवढी एक गोष्ट ध्यानात आली की शिवणाचे अर्धे शास्त्र कळले.

नंतर हातशिलाईचे चार टाके शिकावे: धावदोरा, उलटी टीप, हेम आणि काज. मशीन असले तरी कच्चा टाका आणि हेम हातानेच चांगले होते. मग मशीनवर बसावे, पण दोरा न ओवता. वहीचा रेघी कागद सुईखाली धरून रेघेवरून छिद्रे पाडीत जावे. पायमशीन असेल तर पायाची लय आधी बसली पाहिजे. चाक उलटे फिरले की दोरा गुंततो व तुटतो. आधी विलंबित, मग मध्य, आणि द्रुत तर पहिले सहा महिने नकोच. सरळ रेघ साधली की वळण, वळणानंतर चौकोनाचा कोपरा. कोपऱ्यावर सुई कापडात रुतवून ठेवावी, दाबाचा पाय उचलावा, कापड फिरवावे आणि पुन्हा पाय टेकवावा.

मग दोरा ओवावा. साध्या सुती कापडास १४ नंबरची सुई, वायलसारख्या तलम कापडास ११, जाड कापडास १६. इंचात दहा ते बारा टाके पडतील अशी टीप ठेवावी. टिपेच्या खालच्या अंगास दोऱ्याच्या गुठळ्या दिसल्या तर वरचा दोरा सैल आहे असे समजावे, आणि खालचा दोरा वर ओढलेला दिसला तर वरचा फार आवळला आहे. तंबोऱ्याच्या तारा मिळवतात तसे हे दोन दोरे मिळवावे लागतात, आणि प्रत्येक नव्या कापडावर ते पुन्हा मिळवावे लागतात. जुना संचा जड चालत असेल तर त्यात खोबरेल घालू नये; ते आत चिकट होऊन बसते. शिवणयंत्राचे पातळ तेल मिळते, तेच घालावे.

पहिली वस्तू म्हणून उशीचा अभ्रा उत्तम. उशी १६ इंच रुंद व २४ इंच लांब असेल तर कापडाची रुंदी १६ अधिक दोन्ही बाजूंस अर्धा अर्धा इंच माया, म्हणजे १७ इंच धरावी. लांबी उशीच्या दुप्पट ४८, आत वळणाऱ्या झाकणाचे ६ आणि दोन्ही टोकांच्या दुमडीचे २, एकूण ५६ इंच. यात दोन दुमडी आणि दोन सरळ शिवणी येतात, आणि आत झाकण असल्याने बटणाची गरज पडत नाही. अभ्र्यानंतर बाजाराची पिशवी, मग नेफा आणि नाडी असलेला लेंगा किंवा परकर, मग झबले. चार महिने नेमाने बसले तर येथवर कोणीही पोहोचते.

पोलके आणि घागरा

पोलके अवघड का? कारण कापड सपाट आहे आणि अंग गोल. सपाटाचे गोल करावयाचे तर कोठे टक्स घालून कापड चिमटीत घ्यावे लागते, कोठे तिरप्या धाग्याचा उपयोग करावा लागतो. बाहीचा वरचा गोल मुंढ्यात बसविताना किंचित जास्तीचे कापड चुणी न दिसता जिरवावे लागते. यावर जुन्या बायकांची युक्ती अशी की, अंगास नीट बसणारे एखादे जुने पोलके पुरते उसवावे, त्याचे तुकडे इस्त्री करून कागदावर ठेवावे, आखून घ्यावे, आणि भोवती माया सोडून कागद कापावा. मग आधी मांजरपाटाचे पोलके शिवून घालून पाहावे व फरक खडूने टिपावे. चांगले कापड त्यानंतरच हाती घ्यावे. माप दुसऱ्याकडून घेववावे. आपले आपण घेतले तर हात वर जातो आणि छाती-खांद्याचे आकडे फिरतात. टेपखाली एक बोट सुखाने जाईल इतके सैल माप घ्यावे.

नवरात्रात गरब्यास जाणाऱ्या आपल्या मुलींसाठी घागरा शिवणे हे तर पोलक्याहून सोपे आहे. पूर्ण गोल घागऱ्यास फक्त दोन मापे लागतात. कंबर २८ इंच असेल तर तिला ६.२८ ने भागावे. साडेचार इंचांच्या आसपास उत्तर येते. ही मधल्या भोकाची त्रिज्या. उंची ३६ इंच हवी असेल तर बाहेरच्या वर्तुळाची त्रिज्या साडेचाळीस. ४४ इंच पन्ह्याच्या कापडात ८१ इंचांचे दोन तुकडे घेऊन प्रत्येकातून एक अर्धवर्तुळ काढावे. साधारण सव्वाचार मीटर कापड पुरते. भोक आधी थोडे लहानच कापावे. लहान भोक मोठे करता येते, मोठे लहान करता येत नाही. शिवल्यावर घागरा एक रात्र टांगून ठेवावा. तिरप्या धाग्याचा भाग लोंबून खाली येतो. सकाळी तो कापून समान करावा, आणि मगच खालची दुमड मारावी.

उसवण्याची विद्या

शिवणाच्या वर्गात जे सर्वांत उशिरा शिकविले जाते ते सर्वांत आधी शिकवावे, आणि ते म्हणजे उसवणे. चार इंच टीप वाकडी गेली तर नवशिक्याचा जीव खाली-वर होतो. तो कापड ओढतो, धागा तुटतो, कापडास भोक पडते. शहाणा हात तसे करीत नाही. दर चार-पाच टाक्यांनंतर एक टाका कापावयाचा, उलट्या बाजूचा दोरा हलकेच ओढावयाचा, की टीप आपोआप सुटते. मग ओळीवर इस्त्री फिरवावी आणि पुन्हा बसावे. माया ठेवली असेल तर उसवण्याची भीती नसते. जेथे कापड कडेपर्यंत खाऊन टाकले आहे तेथे उसवूनही काही करता येत नाही.

हिशेब

आता पैशाचे. घरी शिवलेले नेहमीच स्वस्त पडते असे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. किरकोळ दराने आणलेले कापड, दोरा, बटणे यांची बेरीज पुष्कळदा बाजारातील तयार सदऱ्याएवढी किंवा त्याहून अधिक होते. बचत होते ती टिकण्यात आणि दुरुस्तीत. खांद्यात फाटलेला, बटण तुटलेला, लांबीस आखूड झालेला कपडा ज्या घरात दुरुस्त होतो त्या घरात वर्षाकाठी नवे कपडे कमी येतात.

शिंप्यांच्या पोटावर पाय येईल, अशीही शंका निघते. अनुभव उलटा आहे. जिने एकदा स्वतः मुंढा बसविला आहे ती शिंप्याशी शिलाईच्या दहा रुपयांसाठी घासाघीस करीत नाही. ते काम काय आहे हे तिला कळलेले असते. ज्या समाजाने संत नामदेव (१२७०–१३५०) दिले, आणि ज्यांच्या पदांत माप, कात्री, सुई या वस्तू भक्तीच्या प्रतिमा होऊन आल्या, त्या समाजाच्या कसबास मान देणे हे कसब थोडेफार हाती आल्यावरच खऱ्या अर्थाने जमते.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगावीशी वाटते. शिवण मुलींनाच शिकवू नये. बाजारातले शिंपी बहुतेक पुरुषच असतात. मग घरातील मुलास बटण लावता येऊ नये हे कोणत्या न्यायाचे? परगावी नोकरीस राहणाऱ्या मुलास शर्टाचे काज उसवले म्हणून आईला फोन करावा लागू नये. दुपारच्या दोन तासांत आजीपाशी नातू बसला तर आजीचाही दिवस चांगला जातो.

ओटीतला खण

शेवटी आपल्या कपाटांकडे वळावे. हळदीकुंकवास, डोहाळजेवणास, मंगळागौरीस मिळालेले खण आणि पोलक्यांचे तुकडे तेथे थप्पीने पडलेले असतात. हल्ली खण शिवला जात नाही. तो प्रवास करतो. एकीने दिलेला दुसरीच्या ओटीत, तिच्याकडून तिसरीच्या, आणि कधी कधी वर्षभराने फिरून मूळ घरी परत. ओटी भरताना खण देत तो अंगावर यावा म्हणून. त्या थप्पीतले दहा तुकडे काढले तर नवशिक्यास एका वर्षाचा सराव होईल, आणि त्यांतले दोन तरी अंगावर चढतील.

ज्यांच्या घरी संचा अजून आहे त्यांनी तो भंगारात देण्यापूर्वी एकदा तेल घालून चालवून पाहावा. बीड आणि पोलाद सहसा मरत नाही. बहुधा पट्टा, सुई आणि एखादा स्क्रू एवढेच लागते. घरात किंवा आळीत शिवण जाणणारी वडीलधारी बाई असेल तर तिच्यापाशी आठवड्यातून एक दुपार मागून घ्यावी. ती ‘नाही’ म्हणण्याची शक्यता फार थोडी. खंडेनवमीस आपण हत्यारांबरोबर संच्यासही झेंडूचे फूल वाहतो. येत्या खंडेनवमीस फूल वाहून झाल्यावर त्यात दोराही ओवावा, अभ्र्याचे छप्पन्न इंच कापड मोजून घ्यावे, आणि दोन्ही बाजूंस अर्धा इंच माया विसरू नये.